हातभर खाली

मी छर्‍याची बंदूक बोलतेय. येरळेच्या काठी एक गाव आहे, तिथं लालासाहेब हवालदारांच्या सोप्यात दोन खुंट्यांवर मी आडवी असते. गावाचं नाव सांगत नाही. या गोष्टीवर भावकीत अजून दोन मतं आहेत, आणि मला दोन्ही आळ्यांशी गोडीनं राहायचंय.

आधीच सांगून टाकते, नंतर तक्रार नको. मी वाघ मारलेला नाही. ससाही मारलेला नाही. आयुष्यात मडकी तेवढी फोडलीत, वर्षाला एक, तीसुद्धा पुरती फुटली नाहीत, भोकं पडली. पण त्यांतल्या पहिल्या भोकावर एका घराचा मान टिकला, म्हणून बोलायला बसले.

माझा जन्म परमुलखातला. कुणी घडवलं ते आठवत नाही, तेलाचा वास तेवढा आठवतो. पाचगणीच्या एका शाळेतला गोरा मास्तर मला घेऊन आला. त्यानंच माझ्या पाठीवर दोन कड्यांत दुर्बीण बसवली. दुर्बिणीत काळ्या तारांची फुली असते. फुली जिथं, छर्रा तिथं, असा साधा करार असतो. माझ्या बाबतीत हा करार कधी पाळला गेला नाही. मास्तर पत्र्यावरच्या माकडावर फुली धरायचा आणि छर्रा माकडाच्या खाली पत्र्याला लागायचा. पुढंपुढं माकडं माझा आवाज आला की जागेवरून हलेनाशी झाली. पावसाळ्यात मास्तराचं छत गळायला लागलं, तेव्हा त्यानं मला पेटीत घातलं.

साठ-एकसष्टच्या सुमाराला मास्तर आपल्या मुलखाला परत निघाला आणि घरातलं सामान विकायला काढलं. तिथं आमच्या गावचे किराणा दुकानदार आप्पासाहेब आले होते. ते आले होते टेबल घ्यायला. टेबलाबरोबर मी आले.

आप्पासाहेबांनी मला शेंगांच्या वाळवणावर राखणीला लावलं. कावळ्यावर नेम धरला की शेंगांच्या पोत्याला भोक पडायचं. कावळ्यांनी खाल्लं त्यापेक्षा भोकांतून जास्त सांडलं, असा हिशेब निघाला आणि माझी नोकरी गेली. मग त्यांनी मला दुकानात, बसायच्या गादीच्या वर टांगलं. टांगलेल्या वस्तूला एकच काम असतं, ऐकणं. मी चार वर्षं ऐकलं. आज माझ्या बोलण्यात कुणाला दुकानदारी वाटली तर ती तिथली.

आता गावची रीत सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दसऱ्याला भैरोबाची पालखी शिवेवर जाते. तिथं आपट्याच्या फांदीला चुन्यानं रंगवलेलं मडकं टांगतात, त्यात हळदीचं पाणी. वरच्या आळीतल्या लालासाहेबांच्या घरानं बंदुकीचा बार टाकून ते फोडायचं. पिवळं पाणी भुईला लागलं की पालखीनं शीव ओलांडायची, मगच लोकांनी सोनं लुटायचं. पालखी खांद्यावर वाहायचा मान खालच्या आळीचा. शिवेवर आल्यावर खांदा बदलायचा नाही, आणि पालखी खांद्यावर आहे तोवर कितीही बार टाकायला मोकळीक. पण मडकं फुटायच्या आत पालखी भुईला टेकली, की बाराचा मान खालच्या आळीला. तो कुणाला, हेही ठरलेलं. लालासाहेबांचे चुलतभाऊ नाथाजी. पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा त्यांचाच असायचा. म्हणजे लालासाहेबांचा मान घालवायची किल्ली, म्हटलं तर, त्यांच्याच खांद्यावर.

पण तशी वेळ कधी आली नव्हती. लालासाहेब फौजेत हवालदार होते, परदेशात लढून आलेले. घरात ठासणीची जुनी बंदूक होती. ती उडाली की मडक्याच्या खापऱ्या होत आणि पुढच्या रांगेतली माणसं पिवळी होऊन घरी जात.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात परवान्याचं काहीतरी निघालं आणि ती ठासणी पोलीस ठाण्यात जमा झाली. सुटायला वर्ष लागेल म्हणाले. आणि भादव्यात लढाई लागली. लालासाहेबांचा राजाराम पंजाबच्या हद्दीवर होता. दुकानातल्या रेडिओभोवती रोज गर्दी व्हायची, लालासाहेब दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचे. मग एके दिवशी रेडिओनं सांगितलं की लढाई थांबली. राजाराम कसा आहे हे रेडिओ सांगत नव्हता.

त्याच दिवशी गर्दी पांगल्यावर लालासाहेब आत आले आणि त्यांनी वर माझ्याकडं बघितलं.

“शेट, हिला परवाना लागत न्हाई न्हवं?”

आप्पासाहेबांनी खरं ते सांगितलं. परवाना लागत नाही, पण ती खाली मारते. माल खोटा असला तर आधी सांगावा, अशी त्यांची पद्धत होती; गिऱ्हाईक तरीही घेतं, असा त्यांचा अनुभव होता.

लालासाहेबांना ते पटलं नाही. बंदूक खाली मारत नसते, माणूस मारतो, असं ते म्हणाले. मग जरा वेळानं, गूळ बघत असल्यासारखं करत, मनातलं बोलले.

“दोन म्हैन्यांनी रजा मिळंल न मिळंल, पर पोरगं येणार. आलं नि मान खालच्या आळीला गेल्याला दिसला, तर त्येला काय सांगू? तू तिकडं सरहद राखलीस, नि मला हितं मडकं राखता आलं न्हाई?”

आप्पासाहेब गादीवरून उठले. त्यांनी मला खाली काढलं आणि धूळ पुसली.

पंचांनी चावडीवर बसून ठरवलं की छर्‍याच्या बंदुकीनं मडक्याच्या खापऱ्या होणार नाहीत, पण पिवळं पाणी भुईला लागलं म्हणजे झालं. नाथाजी तिथंच होते. त्यांनी हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाले, “पोरांची बंदूक व्हय लाला? मग मडकं कशाला, फुगा टांगूया की.” चावडी हसली. लालासाहेबही हसले, जरा उशिरा.

दुकानाच्या मागं आप्पासाहेबांचं खळं होतं. तिथं शिवेवरचंच अंतर पावलांनी मोजून गोणपाट बांधलं आणि त्यावर चुन्याचं वर्तुळ काढलं. लालासाहेब फौजी पद्धतीनं पालथे पडले, मला दगडावर टेकवलं आणि दात आवळून धरलं. माझ्या पोटात स्प्रिंग आहे. मला कठीण जागेवर टेकवून आवळलं की मी उसळते, त्याला माझा इलाज नाही. छर्रे गोणपाटभर पसरले. मग आप्पासाहेबांनी सरकीचं पोतं आणून दगडाच्या जागी ठेवलं आणि सुचवलं की हिला जरा सैल धरा, मिठाच्या पुडीसारखी. तसं धरल्यावर छर्रे एका ठिकाणी जायला लागले. सगळी भोकं एका रुपयाखाली झाकली जातील इतकी जवळ. फक्त ती वर्तुळाच्या हातभर खाली होती.

लालासाहेबांना त्याचंही समाधान वाटलं. म्हणाले, “एका जाग्यावर बसत्यात. म्हंजी माणूस बराबर हाय.”

दुर्बिणीवर फुली वरखाली करायची एक छोटी फिरकी असते. ती त्यांनी फिरवली. भोकं चार बोटं वर आली, मग फिरकी शेवटाला लागली आणि फिरेना. आप्पासाहेब तोंडात सुपारी धरून बराच वेळ बघत होते. ते शाळा दुसरीपर्यंतच शिकलेले, पण तराजू त्यांना कुणी शिकवायला नको होता. तराजूचं एक पारडं रिकाम्यानंच झुकलं, तर दुसऱ्या बाजूला चिमूटभर वजन कायमचं बांधतात. त्याला पासंग म्हणतात. त्यांचं म्हणणं पडलं की हिलाही पासंग लावावा.

चहाच्या हिरव्या डब्याचा पत्रा कापून, दुमडून, त्यांनी पट्टी केली. आता ती लावायची कुठं? बंदूक खाली मारते, म्हणजे तोंडाकडं जड झाली, म्हणजे पुढून उचलायला हवी, असा दोघांनी मिळून विचार केला. पुढच्या कडीखाली पट्टी घातली. छर्रा गोणपाटाच्याही खाली जाऊन मातीत घुसला. दोघं बराच वेळ त्या मातीकडं बघत राहिले.

मग आप्पासाहेबांनी मला पोत्यावरून उचललं, दुर्बिणीवर एक बोट आडवं ठेवलं आणि मागून पुढून वरखाली करून बघितलं. दुर्बीण मागून उचलली तर ती खाली बघते. मग तिला मडकं दाखवायला सगळी बंदूक तोंड वर करते. हे त्यांनी लालासाहेबांना सांगितलं नाही. नुसती पट्टी काढली आणि मागच्या कडीखाली घातली. पुढचा छर्रा वर्तुळात लागला. त्याच्यामागचाही लागला. मागच्या कडीखालून हिरव्या पत्र्याची एक कोर बाहेर दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी करार पाळत होते.

एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. दुर्बिणीला डोळा लावला की माणसाचा डोळा माझ्याइतका जवळून कुणी बघत नाही. लालासाहेबांच्या उजव्या डोळ्यात दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरलं होतं. पांढऱ्या चुन्यावर काळी फुली त्यांना दिसायची. बाकी कशावर ती धरली तर फुली बुडून जायची. आप्पासाहेबांनाही अंदाज असावा, कारण अलीकडं तुरीची डाळ की हरभऱ्याची, हे लालासाहेब बोटांनी बघायचे. पण दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांबद्दल बोलत नाही.

दसऱ्याच्या आधी खंडेनवमी येते. त्या दिवशी ज्याची जी हत्यारं, तो ती पूजतो. आप्पासाहेब दुकानात तराजू पूजत होते, म्हणून ते आमच्याकडं, लालासाहेबांच्या सोप्यात, नव्हते. ते असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

लालासाहेबांची फौजेतली सवय अशी की हत्यार पुजायचं म्हणजे आधी उघडायचं. स्क्रू पिळायचा डिसमिस घेऊन ते बसले आणि माझं जे जे सुटतं ते सगळं सोडलं. पांढऱ्या धोतरावर सगळे भाग रांगेत मांडले, साहेब तपासायला येणार असल्यासारखे. पुसले, तेल लावलं. कडी सुटली तेव्हा हिरवी पट्टी धोतरावर न पडता शेजारी जमिनीवर पडली. हरणाबाई, त्यांची मंडळी, पूजेसाठी जागा झाडत होत्या. झेंडूच्या देठांबरोबर पट्टी सुपलीत गेली, सुपली उकिरड्यावर गेली. लालासाहेबांनी मला परत जोडलं. रांगेत एकही भाग उरला नाही, त्यामुळं सगळं बरोबर झालं असं त्यांना वाटलं. फौजेतल्या कुठल्याच बंदुकीत चहाच्या डब्याचा पत्रा नसतो.

माझ्या मागच्या कडीखाली गार लागत होतं. मला कळलं होतं. सांगणार कशी? हरणाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं, नळीला झेंडूची माळ घातली, ओवाळलं. राजारामाचं नाव घेऊन त्या काहीतरी पुटपुटल्या, ते मी इथं सांगणार नाही. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी शिवेवर जाईपर्यंत हात लावायचा नाही, अशी रीत आहे. म्हणून कुणी एखादा छर्रा मारून बघायचाही प्रश्न नव्हता.

दसऱ्याला उन्हं कलताना सगळं गाव शिवेवर जमलं. मडकं टांगलेलं होतं. पालखी आली, शिवेच्या दगडापाशी थांबली. पुढच्या दांड्याला नाथाजी, डोक्याला गुलाबी पटका. सरकीचं पोतं मांडलेलं होतं. लालासाहेब पालथे पडले, मला हलक्या हातानं धरलं, फुली पांढऱ्यावर आणली आणि घोडा दाबला.

मडक्यामागच्या बांधावर, मडक्याच्या हातभर खाली, धूळ उडाली.

लोकांना वाटलं पहिला बार सरावाचा. लालासाहेबांनी नळी सांध्यात वाकवून दुसरा छर्रा घातला. तो त्याच जागी गेला. तिसऱ्याला त्यांनी दुर्बिणीच्या काचेवर कुंकू लागलंय का म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसलं. तिसराही तिथंच. बांधावर एकाच ठिकाणी खळगा पडत चालला. त्यांचा हात जराही हलला नव्हता, पण ते बघायला त्यांचा डोळा तिथवर पोचत नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं की पाणी पडल्याचा आवाज येत नाही आणि माणसं बोलायची थांबली आहेत.

आप्पासाहेब गर्दीतून पुढं आले. त्यांनी लालासाहेबांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. हिरवी कोर दिसत नव्हती. ते शेजारी उकिडवे बसले.

“हवालदार, पासंग कुठाय?”

लालासाहेबांनी अंगठ्यानं मागची कडी चाचपली. अंगठा बराच वेळ तिथंच राहिला. आपणच उघडली, एवढंच ते म्हणाले, तेही मलाच सांगितल्यासारखं.

आप्पासाहेबांनी सुचवलं की हातभर वर धरा, संपलं. तेव्हा लालासाहेबांनी पहिल्यांदा ते तोंडानं कबूल केलं.

“वर पाला हाय, शेट. पाल्यात मला फुली दिसत न्हाई. चुन्यावरच दिसतीया.”

मागं पालखी खांद्यांवर होती. देवाचा मुखवटा चांदीचा, दांडे सागवानी, त्यात लोकांनी वाहिलेले नारळ. मागच्या दांड्याचा एक गडी पाय बदलायला लागला. खालच्या आळीतलं कुणीतरी म्हणालं की टेकवा आता, कुणी नाव ठेवणार नाही. आणि ते खरं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. नाथाजींनी नुसते गुडघे वाकवले असते तरी पुरे होतं.

नाथाजींनी मानेवरचा घाम पटक्याच्या खांद्यावर आलेल्या सोग्याला पुसला, हातानं नव्हे, मान वाकडी करून, कारण दोन्ही हात दांड्याला होते. मग आप्पासाहेबांना विचारलं, “काय पायजे त्येला?”

“पत्र्याचा तुकडा. नखाएवढा.”

“माझ्या कमरंची चंची सोडा. चुन्याची डबी हाय तिच्यात. झाकण घ्या. माझं हात गुतल्यात.”

सगळ्या गावासमोर आप्पासाहेबांनी नाथाजींच्या कमरेची पानसुपारीची पिशवी सोडली. डबीचं झाकण काढलं. त्याच पिशवीतल्या अडकित्त्यानं झाकण कापलं, कडेला लागलेला चुना पुसला, पट्टी दुमडली, बोटांत धरून जाडी बघितली, पुन्हा एकदा दुमडली. मालाच्या बाबतीत घाई करायची त्यांना सवय नव्हती. बंडीच्या खिशातलं नाणं काढून त्यांनी माझा स्क्रू सैल केला. लालासाहेब माझी दुर्बीण धरून बसले होते आणि पालखीकडं त्यांची पाठ होती.

मागून नाथाजींचा आवाज आला.

“लाला, घाई करू नगंस. पर लय येळबी लावू नगंस. द्येव जड हाय.”

स्क्रू आवळला. चुन्याच्या डबीचा पत्रा चहाच्या डब्यापेक्षा पातळ की जाड, हे मलाही ठाऊक नव्हतं. लालासाहेब पालथे पडले. त्यांचा डोळा काचेला आला, साय तशीच होती, पण त्याच्या कडेनं पाणी आलं होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसायला हात उचलावा लागला असता. पांढऱ्यावर फुली आली. त्यांनी श्वास सोडला, मला सैल धरलं, मिठाच्या पुडीसारखी.

टक्क असा आवाज झाला. मडकं जरा हललं आणि तसंच लटकत राहिलं. मग त्याच्या अगदी बुडातून पिवळ्या पाण्याची बारीक धार सुटली आणि भुईला लागली.

मडक्याच्या मध्यावर छर्रा लागला असता तर अर्धं पाणी आतच राहिलं असतं, बुडाला लागला म्हणून मडकं पुरतं रितं झालं, असं आप्पासाहेब नंतर दुकानात कितीतरी दिवस सांगायचे. पट्टी आणखी एकदा दुमडायला हवी होती, हे ते सांगायचे नाहीत.

पालखीनं शीव ओलांडली. सोनं लुटलं गेलं. लालासाहेब आपट्याची पानं घेऊन नाथाजींकडं गेले. नाथाजी खांद्यावर ओलं फडकं ठेवून बसले होते, खांदा काळानिळा झाला होता. दोघांनी पानं दिली घेतली, गळाभेट झाली. मग नाथाजी म्हणाले, “माझं झाकण?”

लालासाहेब म्हणाले, “बंदुकीखाली हाय. काढून न्हे.”

नाथाजींनी जरा विचार केला. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले.

राजाराम मार्गशीर्षात रजेवर आला. धडधाकट होता, झोपायचा मात्र फार. त्याला मान जागेवर सापडला. पुढच्या दसऱ्याला त्यानं पहिल्याच छर्‍यात मडक्याला भोक पाडलं, तेही बुडालाच. पट्टी कुणी बदललेली नाही. ठासणीची बंदूक पुढं सुटून आली, पण गावानं ठरवलं की आता हीच बरी, माणसं पिवळी होत नाहीत.

आता मी खुंटीवर असते. वर्षातून एक छर्रा, बाकी विश्रांती. लालासाहेबांना आता दोन्ही डोळ्यांनी फारसं दिसत नाही. नवमीला ते मला मांडीवर घेतात आणि अंगठ्यानं मागची कडी चाचपतात. वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल तर तिला हळदकुंकू वाहा, माळ घाला, ओवाळा. पण उघडू नका.

बिनझाकणाच्या डबीत चुना वाळतो. त्यामुळं नाथाजींना तेव्हापासून रोज सकाळी पान लावायला चुना लागतो, आणि तो मागायला ते खालच्या आळीतून वर, आमच्या सोप्यात येतात. लालासाहेब डबी पुढं करतात. दोघं बसतात. येता-जाताना नाथाजी आप्पासाहेबांच्या दुकानावरूनच जातात. दुकानात दर्शनी फळीवर चुन्याच्या नव्या डब्यांची रास असते. दिसेल त्याला काहीतरी विकणारा तो माणूस, पण त्यानं नाथाजींना आजवर एकदाही विचारलेलं नाही.